बेपत्ता जवानांचं स्मारक: शिळा कोरायला टाकण्याआधी

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात जवानांची स्मारकं गावोगावी दिसतात. पण युद्धकैदी आणि बेपत्ता जवानांची नावं कोरायची असतील, तर नेहमीचा साचा चालत नाही. शिळेवरच्या मजकुरात उद्या बदल होऊ शकतो, आणि ग्रॅनाइटवर खोडरबर चालत नाही!

म्हणून आधी यादी, आणि तीही तीन गटांत. एक, कैदेत वारलेले. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे ब्रिटिश भारतीय सैन्याची सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, तिच्यात मराठा पलटणीही होत्या. तिथून कैदेत जाऊन वारलेले या गटात. दोन, देह मिळाला नाही पण मृत्यू नक्की. 9 डिसेंबर 1971 ला आयएनएस खुकरी या नौदलाच्या युद्धनौकेबरोबर बुडालेले 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक या गटातले. तीन, ज्यांचं काय झालं ते कळलंच नाही. पाकिस्तानच्या ताब्यात 54 युद्धकैदी असावेत असं भारत सरकार संसदेत सांगत आलंय, पाकिस्तान ते नाकारतं.

या तिसऱ्या गटापुढे मृत्यूची तारीख कोरू नका. सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर न्यायालय मृत्यू गृहीत धरू शकतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 108 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 111. पण त्यातून मृत्यूचा दिवस ठरत नाही. सर्व्हिस नंबर, हुद्दा, नाव, पलटण, गाव आणि 'अमुक तारखेपासून बेपत्ता', एवढंच पुरे.

नावं तपासायची कुठे? दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या (महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) साइटवर फुकट शोधता येतं. मात्र गावांची स्पेलिंगं ब्रिटिश काळातली आहेत. सोलापूर शोधताना 'एस'नंतर 'एच' घालून बघा. एकाच नावाचे अनेक शिपाई सापडतील, तेव्हा सर्व्हिस नंबर जुळल्याशिवाय नाव पक्कं धरू नका. 1947 नंतरच्यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि तिथून त्या त्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला आहे.

आता दगड. शहाबादी फरशी स्वस्त पडते, पण उन्हापावसात तिचे पापुद्रे सुटतात आणि अक्षरंही जातात. पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरं सँडब्लास्टिंगने, म्हणजे जोरात वाळू मारून, काढा. कोरलेला भाग आपोआप करडा दिसतो, रंग भरावा लागत नाही. रंग भरला तर सोलापूरच्या उन्हात तो आधी उडतो. अक्षराची उंची निदान 25 मिलिमीटर ठेवा. जोडाक्षरांतल्या बारीक रेघांचे टवके उडतात, म्हणून जाड वळणाचा फॉन्ट निवडा.

सगळी नावं एका मोठ्या शिळेवर नकोत. प्रत्येक नावाची वेगळी पट्टी करा, मध्ये 3 ते 4 मिलिमीटर फट सोडा, आणि पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने बसवा. नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या तापून-गार होऊन सुटतात. शिवाय उद्या नवी माहिती आली तर एकच पट्टी बदलायची.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो टायपिंगमध्ये. जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की मात्रा आणि रफार भलतीकडे जातात. डीटीपीवाल्याला मजकूर कर्व्हमध्ये करूनच, म्हणजे अक्षरांची चित्रं करून, पाठवायला सांगा. कोरण्याआधी पूर्ण आकाराची कागदी प्रिंट काढा, घरच्या माणसांना मोठ्याने वाचायला लावा, आणि सही घ्या. व्हॉट्सअॅपवरच्या 'ओके'वर जाऊ नका.

चौकात किंवा रस्त्याच्या कडेला जागा मागू नका. 18 जानेवारी 2013 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सार्वजनिक रस्त्यावर अशा बांधकामाला परवानगी मिळत नाही. शाळेचं किंवा संस्थेचं आवार बरं, तेही लेखी संमती घेऊन. चार सिंहांची राजमुद्राही परवानगीशिवाय नको, त्यासाठी 2005 चा कायदा आहे.

आणि लोक नारळ फोडणार, हळद-कुंकू वाहणार, हे धरूनच चाला. तेल आणि हळदीचे डाग दगडात मुरतात. शिळेपासून दोन-तीन फूट पुढे वेगळा कट्टा बांधा, पाणी बाहेर जाईल असा उतार द्या, आणि हार अडकवायला स्टीलचा आडवा पाइप तिथेच लावा.