ऑफिसमध्ये सरप्राइज डोहाळजेवण: तयारी कशी कराल, काय टाळाल?

नमस्कार! टीममधल्या मैत्रिणीला सातवा लागलाय आणि तुम्ही गुपचूप डोहाळजेवण ठरवताय, छानच. पण सरप्राइज फक्त दिवसाचं आणि वेळेचं ठेवा. कार्यक्रम तिला हवाय का, हे आधी कळलंच पाहिजे. कुणाचा आधी गर्भपात झालेला असतो, कुणाच्या घरी बाळ येईपर्यंत काहीच करत नाहीत. तिच्या डब्याच्या मैत्रिणीने सहज विचारावं, "घरी डोहाळजेवण आहे का गं? ऑफिसात केलं तर आवडेल?" उत्तर देताना ती जरा जरी घुटमळली, तर बेत सोडून द्या.

आता तारीख. पहिल्या दोन बाळांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची असते आणि त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. म्हणजे 32व्या आठवड्यालाच ती रजेवर जाऊ शकते. त्यामुळे 28 ते 31 आठवड्यांमधला, ती ऑफिसात येणारा दिवस धरा. दुपारचे 4 वाजता, चाळीस मिनिटं. त्याहून लांबवू नका, तिची बसून बसून पाठ दुखते.

गुपित फुटतं ते कॅलेंडरमुळे. कॉन्फरन्स रूमचं बुकिंग 'प्रायव्हेट' करा. आणि तिला बोलवायला खोटी रिव्ह्यू मीटिंग लावू नका, बिचारी आदल्या रात्री जागून प्रेझेंटेशन करेल. "चहाला चल" एवढं पुरतं. आत गेल्यावर पार्टी पॉपर, ओरडा नको. टाळ्या वाजवा.

(टेबलावरचं सामान दाखवत) ओटीसाठी खण, नारळ, अर्धा किलो तांदूळ, हळकुंड, सुपारी, हळद-कुंकू. पाच जणींनी ओंजळभर घातले तर तांदूळच किलोभर होतात, वर नारळ, आणि सगळा भार तिच्या मांडीवर. म्हणून एकीने पूर्ण ओटी भरावी, बाकीच्यांनी चिमूटभर तांदूळ घालावेत. आणि इथे सवाष्ण, विधवा, अविवाहित असं काही पाहू नका. रोज शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला त्या दिवशी मागे उभं करणं फार लागतं हो.

औक्षण करायचं असेल, तर आधी ॲडमिनला विचारा, छताला स्मोक डिटेक्टर असतात. निरांजनाऐवजी बॅटरीचा दिवा चालतो. उदबत्ती नकोच, वासाने मळमळतं. फुलांचे दागिनेही मोगऱ्याऐवजी शेवंतीचे सांगा, दोन दिवस आधी, आणि बाजूबंदाला गाठीऐवजी इलॅस्टिक लावून घ्या, कारण हातावर सूज असू शकते. फॉल्स सीलिंगला झोपाळा अजिबात टांगू नका, ते माणसाचं वजन पेलत नाही. हातांची, पाठ टेकता येणारी खुर्चीच सजवा. फुगेही स्प्रिंकलरला बांधू नका.

खाणं, वीस जणांचं: 40 बटाटेवडे आणि किलोभर पेढे. तिच्यासाठी मात्र वेगळी ताटली. 24 ते 28 आठवड्यांत गरोदरपणातल्या मधुमेहाची तपासणी होते, आणि साखर वाढलेली असली तरी ऑफिसात ती सांगेलच असं नाही. आग्रहाने पेढा भरवू नका. ढोकळा, फळं, शेंगदाणे समोर ठेवा, तिला काय घ्यायचं ते ती घेईल.

पेढा-बर्फीचा खेळ आम्ही वगळायला सांगतो. पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी; वाटीखाली पेढा निघाला की टाळ्या जास्त वाजतात, आणि तिला ते ऐकू येतं. त्याऐवजी प्रत्येकाने चिठ्ठीवर बाळासाठी एक नाव लिहावं आणि ती पेटी तिला द्यावी.

भेटवस्तू वर्गणीतून एकच. कपडे घेणार असाल, तर 6 ते 9 महिन्यांच्या मापाचे घ्या, नवजात बाळाचे सगळेच देतात. घरी आधी बाळाच्या वस्तू आणत नसतील, तर तिच्यासाठी कुशीवर झोपताना लागणारी लांब उशी द्या, पण थेट घरच्या पत्त्यावर. नारळ-तांदूळ एका पिशवीत भरून रिक्षापर्यंत कुणीतरी सोबत जा. फोटो तिला पाठवा, स्टेटसला मात्र तिला विचारूनच.