लढाईच्या सालात आजी परत खाली उतरली

हे जे आता स्क्रीनवर दिसतंय ना, जुन्या लुगड्याच्या चिंधीचं पिळून पिळून केलेलं गोल वेटोळं, ही माझ्या आजीची चुंबळ. डोक्यावर टोपलं घ्यायचं तर खाली ही ठेवायची. वरून अजून हिरवे काठ ओळखू येतात, पण पीळ जरा सैल करून बघितला की आतून काळंकुट्ट, आणि ते बोटाला लागतं, इतकी वर्षं झाली तरी लागतं. आत्यानं ती पत्र्याच्या पेटीत तिच्या लग्नाच्या शालूखाली जपून ठेवली होती.

आजी बल्लारपूरच्या कोळसा खाणीत होती. आमच्याकडं खाण कोणी म्हणत नाही, कॉलरीच म्हणतात. वरोऱ्याची जुनी सरकारी खाण १९०६ साली बंद पडली आणि काम इकडं वर्धा नदीकाठी बल्लारपूरला सरकलं, त्याच कॉलरीच्या चाळीत आजीचा जन्म. तिचा कामावरचा एकही फोटो नाही. कागद म्हणाल तर दोन. एक पीएफचा, त्यावर डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि दुसरा तिनं नोकरी सोडल्याचा. दोन्हीवर नाव वेगवेगळं लिहिलंय, एकात तर आजोबांचंच नाव तिच्या नावाच्या जागी पडलंय. कागदानुसार ती १९५० साली कामाला लागली. त्याआधी काहीच नाही.

पण आत्या काही वेगळंच सांगते. आत्या आता ऐंशीच्या पुढं आहे, ऐकायला कमी येतं पण आठवण पक्की. मी रेकॉर्डर लावून बसले तेव्हा ती सहज बोलून गेली, "माय सांगे, लढाईच्या सालात मी परत खाली उतरली, तू तेव्हा पोटात होती."

घरी आल्यावर मी हे वाक्य चार-पाच वेळा ऐकलं, आणि मला त्यातला "परत" हा शब्द खटकला. परत कशी? म्हणजे आधी उतरायची, मग बंद झालं, मग परत उतरली, असंच ना? मग बंद कशानं झालं?

इथून पुढं मी आजीला शोधणं सोडलं आणि कायदे शोधायला लागले, आणि खरं सांगते, आजी मला तिथंच सापडली.

तर झालं असं होतं. आपल्या देशातल्या कोळसा खाणींत बायका जमिनीखाली सर्रास काम करायच्या. नवरा कोळसा फोडणार, बायको टोपलीत भरून टबापर्यंत, म्हणजे कोळसा वाहायच्या रुळावरच्या डब्यापर्यंत, नेणार, आणि पैसे टबावर, म्हणजे जोडीनं केलेल्या कामाची मजुरी बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. १९२९ साली सरकारनं नियम केला की बायकांना खाली पाठवणं बंद करायचं, पण बंगाल, बिहार आणि आपला मध्य प्रांत (बल्लारपूर तेव्हा त्यातच होतं) इथल्या कोळसा खाणींना सूट, हळूहळू कमी करत दहा वर्षांत शून्यावर आणा म्हणून. प्रत्यक्षात ते लवकर झालं, १९३७ च्या ऑक्टोबरपासून पूर्ण बंदी. तेव्हा आजी सोळा-सतरा वर्षांची असणार, तिच्या आईबरोबर जाणारी. ते तिचं पहिलं खाली जाणं, आणि तेच बंद झालं.

मग महायुद्ध. कारखान्यांना, रेल्वेला कोळसा हवा आणि खाणीत माणूस नाही, कारण मजूर जास्त पैशांच्या लष्करी कामांवर निघून गेलेले. ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारनं बंदी उठवली, आणि सगळ्यात आधी कुठं, तर मध्य प्रांतात. बंगाल-बिहार त्यानंतर. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत लागू झाली. म्हणजे आजीचं "लढाईचं साल" हे जवळपास अडीच वर्षांचं होतं, आणि आत्याचा जन्म १९४४ चा. बरोब्बर बसलं. पाटीवरचं गणित सुटल्यावर होतं तसं झालं मला, रात्री दोन वाजता एकटीच उठून घरात फिरत होते.

आता एक गोष्ट मला नीट सांगायची आहे. तेव्हा व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडं. बंदी उठवल्यावरून फेब्रुवारी १९४४ मध्ये दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेत वाद झाला तेव्हा उत्तर बाबासाहेबांनीच दिलं. ही युद्धाची निकड आहे, कायमची सोय नाही, आणि अटी घातल्या आहेत: बाईला पुरुषाइतकीच मजुरी, आणि साडेपाच फुटांपेक्षा कमी उंचीच्या गॅलरीत, म्हणजे खाणीतल्या बोगद्यात, तिला कामाला लावायचं नाही. खाणीतल्या बाळंतिणींच्या भत्त्याचा कायदा १९४१ चा, रोजचे आठ आणे, आधी चार आठवडे आणि नंतर चार, आणि त्याची दुरुस्ती १९४३ मध्ये बाबासाहेबांनीच मांडली. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आजोबांच्या काळापासून आहे, त्याच्याखाली बसून मी हे सगळं वाचलं. मला वाईट वाटलं का? वाटलं, त्या अंधारात पोटुशी बाई उतरतेय हे डोळ्यासमोर आलं की वाटणारच. आणि त्याच वेळी समान मजुरीचं वाचून अभिमानही वाटला, दोन्ही एकदम, आणि यातलं एक खोडून दुसरं ठेवायचं मला जमत नाही.

आत्याला सांगितलं, अगं तेव्हा बायांना माणसाइतकेच पैसे ठरले होते. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "ठरले असन. पण टबाचे पैसे घ्याले कोन जाय?"

१९४६ नंतर आजी वरच राहिली. कोळशातले दगड वेचणं, वॅगन भरणं. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांचं खाली जाणं कायमचंच बंद केलं, आणि ते २०१९ पर्यंत तसंच होतं. १९७३ ला खाणी सरकारी झाल्या, आणि पुढं आजीनं आपली नोकरी मुलाच्या, म्हणजे माझ्या बाबांच्या नावे सोडली. तेव्हा कितीतरी बायकांनी असंच केलं. माझी शाळा, माझं कॉलेज, हा कॅमेरा, सगळं त्या अंगठ्याच्या ठशावरचं आहे.

शेवटचा शॉट आत्याच्या घरातला. मी टेप घेऊन भिंतीवर साडेपाच फुटांवर खडूची रेघ मारली आणि आत्याला म्हटलं, हे बघ, एवढं तरी छत असायलाच पाहिजे असा नियम होता. आत्या काठी टेकत आली, रेघेखाली उभी राहिली. डोक्यावर चांगली वीतभर जागा उरली. "माय माह्याएवढीच होती," म्हणाली.

मग तिनं पेटीतली चुंबळ काढून डोक्यावर ठेवली, मोरीजवळची बादली पालथी करून त्यावर धरली, आणि बादली रेघेच्या पार वर गेली. आत्यानं मान खाली घातली, गुडघे वाकवले, अजून थोडे वाकवले, बादली रेघेच्या खाली येईपर्यंत. आणि तशीच दोन पावलं चालून दाखवली.