पाठीवरचा कान आणि ड्रेन

[काळा पडदा. हळूहळू उंदराचा एक जुना फोटो उजळतो.]

हा फोटो नीट बघा. अंगावर केस नसलेला, गुलाबी कातडीचा उंदीर. आणि त्याच्या पाठीवर माणसाचा कान.

१९९७च्या सुमारास हा फोटो जगभर फिरला. ज्यानं पाहिला त्याच्या अंगावर काटा आला. माणसाचं जनुक उंदरात घातलं, असंच कित्येकांना वाटलं. पण तसं काहीच झालेलं नव्हतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स व्हकांटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात विरघळून जाणाऱ्या पदार्थाचा, कानाच्या आकाराचा साचा केला. त्यावर गाईच्या कूर्चेच्या, म्हणजे मऊ लवचिक हाडाच्या, पेशी पेरल्या आणि तो उंदराच्या कातडीखाली ठेवला. या जातीच्या उंदराला थायमस ग्रंथीच नसते, त्यामुळे परक्या पेशी त्याचं शरीर हुसकावून लावत नाही. त्या कानाला ऐकू येत नव्हतं. त्यात माणसाची एकही पेशी नव्हती. ज्यांना बाहेरचा कान नाही, त्यांच्यासाठी पुढेमागे कान घडवता यावा, एवढाच हेतू होता.

हाच उंदीर कॅनडाचा दिग्दर्शक विन्सेंझो नटाली याच्या डोक्यात घर करून बसला. त्यातून एक चित्रपट सुचला. पण तंत्र तोकडं, पैसा अपुरा, त्यामुळे तो वर्षानुवर्षं रखडला. अखेर २००९मध्ये तयार झाला. नाव, ‘स्प्लाइस’.

[प्रयोगशाळा. काचेचं भांडं. निळसर उजेड.]

क्लाइव्ह आणि एल्सा. दोघं शास्त्रज्ञ, दोघं एकमेकांचे जोडीदार. एका औषध कंपनीसाठी त्यांनी अनेक प्राण्यांची जनुकं जोडून दोन मांसल गोळ्यांसारखे जीव घडवलेत, फ्रेड आणि जिंजर. कंपनीला त्यांच्यापासून फक्त प्रथिनं हवी आहेत. या दोघांना मात्र पुढची पायरी चढायची आहे. माणसाचं जनुक मिसळायचं आहे. कंपनी नाही म्हणते. मग ते गुपचूप करतात.

या दोघांची नावंही उगाच ठेवलेली नाहीत. १९३५च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये शास्त्रज्ञाचं काम केलं होतं कॉलिन क्लाइव्हनं, आणि त्यानं घडवलेल्या वधूचं एल्सा लँचेस्टरनं.

चित्रपटाचं चित्रण झालं टोरांटोमध्ये. त्याच कॅनडात २००४च्या कायद्यानं माणूस आणि प्राणी यांचा संकर जन्माला घालायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये मात्र २००८ साली न्यूकॅसल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी गाईच्या बीजांडात माणसाचं डीएनए घालून गर्भ तयार केले होते. ते काही दिवसच जगले, आणि कायद्यानंही त्यांना चौदा दिवसांच्या पुढे वाढू दिलं नसतं. ‘स्प्लाइस’ला ही रेघ माहीत आहे. त्यातली एल्साही आधी म्हणते, फक्त जमतंय का एवढंच बघू, मग थांबवू. आणि थांबवत नाही.

[लाकडी फरशी. अक्षरं कोरलेल्या सोंगट्या.]

त्या चोरून केलेल्या प्रयोगातून जन्मलेला जीव म्हणजे ड्रेन. ती झपाट्यानं वाढते. आठवड्यांत बाळाची मुलगी होते. ती बोलत नाही. पण एल्साच्या अंगावरच्या कपड्यावरची NERD ही चार अक्षरं पाहून सोंगट्या तशाच मांडते. तीच अक्षरं उलटी वाचून एल्सा तिला नाव देते. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो. नमुन्याला क्रमांक असतो, नाव असतं लेकराला.

मोठी झालेली ड्रेन साकारली आहे फ्रेंच अभिनेत्री डेल्फिन शानेआक हिनं. डोळ्यांतलं अंतर आणि उलटे वळणारे पाय संगणकानं दिले. पण मान कलती करून बघणं, कुतूहल, रुसणं हे सगळं तिचं स्वतःचं. एक शब्द न बोलता ती आपल्याला स्वतःच्या बाजूला ओढून घेते.

एक प्रसंग. ड्रेन तापानं फणफणली आहे. क्लाइव्ह तिला थंड पाण्यात धरतो, आणि मग तिचं डोकं पाण्याखाली दाबतो. तेव्हा कळतं, तिला पाण्यातही श्वास घेता येतो. ती वाचते. तो वाचवत होता की मारत होता? एल्साला उत्तर मिळत नाही. आपल्यालाही नाही.

आणि दुसरा, ज्यासाठी हा चित्रपट मी विसरू शकत नाही. एल्साची आई तिच्याशी क्रूर वागलेली. त्याच आईच्या ओसाड शेतघरात आता ड्रेनला लपवून, कोंडून ठेवलंय. मुलगी वयात येते, उलटते, हात उगारते. मग एल्सा तिला टेबलाला बांधते, तिचे कपडे उतरवते आणि तिच्या शेपटीची नांगी कापून टाकते. हे सगळं ती ध्वनिमुद्रकावर कोरड्या आवाजात नोंदवत जाते. थोड्या वेळापूर्वीची लेक पुन्हा नमुना झालेली असते. आणि तोवर क्लाइव्हला उमगलेलं असतं की ड्रेनमध्ये मिसळलेलं मानवी जनुक कुणा अनोळखी बाईचं नाही. ते एल्साचंच आहे.

नटालीनं भीती जनुकात ठेवलेली नाही. ती ठेवली आहे या कोंडलेल्या खोलीत, एका आईच्या हातात.

शेवटचा भाग मात्र घाईत उरकलाय, असं माझं प्रामाणिक मत आहे. बर्फातला पाठलाग इतर कुठल्याही भयपटात शोभला असता. पण त्याचं बीज आधीच पेरलेलं आहे. भागधारकांसमोर फ्रेड आणि जिंजर एकमेकांना फाडतात, कारण जिंजर मादीची नर झालेली असते आणि ते कुणाच्या लक्षातच आलेलं नसतं. समुद्रातल्या रास (wrasse) कुळातल्या अनेक माशांमध्ये हे खरोखर घडतं. कळपातला नर गेला की सर्वांत मोठी मादी नर होते. ड्रेनचंही तेच होतं. त्यानंतरचं पाहणं असह्य आहे. क्लाइव्ह मरतो. एल्सावर बलात्कार होतो.

[उंच इमारत. रात्र. काचेची खिडकी.]

शेवटी एल्सा कंपनीच्या कार्यालयात बसली आहे. समोर करार आहे, मोठी रक्कम आहे. ती उठून उभी राहते तेव्हा तिचं पोट दिसतं. कंपनीची प्रमुख तिच्याजवळ येते. दोघी खिडकीतून बाहेर बघत राहतात.