नकार विमा कंपनीचा, खटला डॉक्टरवर

नमस्कार मंडळी. या सभागृहात डॉक्टर बरेच आहेत, आणि जे डॉक्टर नाहीत त्यांच्यापैकी बहुतेकांचा आरोग्यविमा नोकरीतून आलेला आहे. त्यामुळे आजचा विषय, म्हणजे अमेरिकेत विमा कंपनीच्या नकारामुळे रुग्णाला अपाय झाला तर जबाबदारी कोणाची, हा टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांचा आहे.

रुग्णाला एमआरआय हवा असे डॉक्टर ठरवतो, त्याची विनंती विमा कंपनीकडे जाते आणि तिथून नकार येतो. मग दोन रुग्णांच्या मधल्या वेळात डॉक्टर फोन धरून बसतो. पलीकडे कंपनीचा डॉक्टर येतो, तो कधीकधी वेगळ्याच शाखेचा असतो, आणि ज्या रुग्णाला त्याने कधी तपासलेले नाही त्याच्याविषयी तो काही मिनिटांत निर्णय देतो. ‘आम्ही उपचार नाकारत नाही, फक्त पैसे नाकारतो,’ अशी कंपन्यांची भूमिका असते. पण तपासणीचा खर्च खिशातून करणे ज्याला शक्य नाही, त्याच्यासाठी या दोहोंत काडीचाही फरक उरत नाही.

कॅलिफोर्नियातील विकलाइन खटल्यात हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी आणखी आठ दिवस रुग्णालयात ठेवण्याची परवानगी मागितली होती. मेडी-कॅल या सरकारी योजनेने चारच दिवस मंजूर केले. रुग्ण घरी गेली आणि पुढे तिचा पाय कापावा लागला. १९८६ च्या निकालात अपील न्यायालयाने म्हटले की, खर्च आटोक्यात ठेवण्याच्या पद्धतीतील दोषामुळे अपाय झाला तर पैसे देणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते. मात्र निषेध न नोंदवता मान तुकवणाऱ्या डॉक्टरची सुटका होणार नाही. या खटल्यात योजना सुटली. डॉक्टर म्हणून मला हा निकाल बोचतो, तरी त्याचा दुसरा भाग मला मान्य आहे.

नोकरीतून मिळणाऱ्या विम्याची गत याहून वाईट आहे. कामगारांच्या पेन्शनच्या रक्षणासाठी मुख्यतः केलेला १९७४ चा एरिसा हा केंद्रीय कायदा नोकरीतून मिळणाऱ्या आरोग्ययोजनांनाही लागू झाला, आणि चुकीच्या नकाराबद्दल राज्याच्या कायद्याखाली नुकसानभरपाई मागण्याचा मार्ग त्याने जवळजवळ बंद केला. टेक्सासने १९९७ मध्ये कायदा करून विमा कंपन्यांना उपचारविषयक निर्णयांबद्दल उत्तरदायी ठरवले. त्याच्या आधारे दोन रुग्णांनी दावे केले. एकाला डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे घ्यावे लागले, दुसरीला शस्त्रक्रियेनंतर एका दिवसात घरी जावे लागले, आणि दोघांनाही त्यामुळे त्रास झाला अशी त्यांची तक्रार होती. २००४ मध्ये, एटना हेल्थ विरुद्ध डाव्हिला या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरवले की एरिसापुढे असे दावे टिकत नाहीत. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी निकालाशी सहमत होतानाच, ही व्यवस्था अन्यायकारक आहे आणि संसदेने तिचा फेरविचार करावा, असे स्वतंत्रपणे लिहिले. संसदेने ते अजून केलेले नाही. परिणामी, एरिसाखालील रुग्णाला कंपनीकडून मुख्यतः नाकारलेल्या सेवेची किंमतच मागता येते. गेलेल्या पायाची भरपाई मागायला समोर उरतो तो डॉक्टर.

मला डॉक्टरांची सुटका नको, वाटणी हवी. अनेक राज्यांत ज्युरी प्रत्येक प्रतिवादीच्या दोषाची टक्केवारी ठरवतेच. त्याच तराजूत विमा कंपनीलाही बसवावे, इतकीच मागणी आहे. प्रीमियम वाढेल हा आक्षेप मी गांभीर्याने घेतो. परंतु चुकीच्या निर्णयाची किंमत आज रुग्ण आणि डॉक्टर भरतच आहेत, ती फक्त प्रीमियममध्ये दिसत नाही.

तोवर डॉक्टर मित्रांनी नकाराची तारीख, बोलणाऱ्याचे नाव आणि आपले वैद्यकीय मत चार्टमध्ये लिहावे आणि अपिलाचे पत्र स्वतः पाठवावे. बाकीच्यांनी नकाराचे पत्र फेकू नये. कंपनीकडेच करायच्या अंतर्गत अपिलासाठी साधारणपणे १८० दिवस मिळतात, आणि तेही फेटाळले गेले तर, वैद्यकीय कारणावरून झालेल्या नकाराविरुद्ध, २०१० च्या आरोग्यसेवा कायद्यानुसार बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडे जाता येते. त्यासाठी सहसा चार महिन्यांची मुदत असते. प्रकरण तातडीचे असेल तर तो निर्णय ७२ तासांत द्यावा लागतो आणि कंपनीवर तो बंधनकारक असतो.