पॉपॉ फुलतो, मग फळ का धरत नाही?

मंडळी, ओहायो-पेनसिल्व्हेनियाकडच्या आपल्या बागकाम करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. परसात पॉपॉ लावला, झाड वाढलं, दर वसंतात फुलांनी लगडतं, आणि फळ एकही नाही. आज मुख्यतः तेवढ्याबद्दलच बोलतो.

पॉपॉ सीताफळ-रामफळाच्या कुळातला, पपईशी त्याचं काही नातं नाही. कुळातले बहुतेक जण उष्ण प्रदेशात राहिले, हा मात्र अमेरिकेच्या पूर्व भागातल्या थंडीत रुळला. उणे २५ अंश सेल्सिअसलाही तग धरतो. उलट हिवाळा पुरेसा थंड नसेल तर त्याचंच बिघडतं. तेव्हा पुण्याच्या बंगल्यात लावायला बिया न्यायचा बेत असेल, तर सोडून द्या.

आता फुलाकडे या. पानं फुटायच्या आधीच काळपट लाल फुलं माना खाली घालून लटकतात. मधमाश्या त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. येतात त्या माश्या आणि बारीक भुंगेरे, तेही मनात आलं तर. त्यातून प्रत्येक फूल आधी मादी असतं, नंतर नर. परागकण सुटेपर्यंत त्याच फुलातल्या स्त्रीकेसरांची वेळ टळून गेलेली असते. सीताफळाचंही असंच असतं. पण पॉपॉची अट आणखी कडक: झाडाला सहसा स्वतःचे पराग चालतच नाहीत, दुसऱ्या झाडाचेच लागतात.

आणि फसगत होते ती इथेच. पॉपॉ मुळांवरून फुटवे सोडतो. रानात दिसणारं त्याचं अख्खं बन कित्येकदा एकाच झाडाचं असतं. ओळखीच्यांनी एकाच बनातली दोन रोपं दिली, तर तुम्ही एकच झाड दोन खड्ड्यांत लावलंय असं समजा. शिवाय उपटलेला फुटवा जगतोही क्वचितच. माझं स्पष्ट मत आहे, पैसे खर्च करा आणि कुंडीतली दोन वेगळ्या जातींची कलमं आणा. पॉपॉच्या सुधारित जातींवर काम करणारे अमेरिकी संशोधक नील पीटरसन यांनी निवडलेल्या शेनँडोआ आणि सस्क्वेहॅना या जाती चांगल्या आहेत. कलमाला तीन-चार वर्षांत फळ धरू लागतं.

एवढं करूनही धरलं नाही, तर चित्रकलेचा मऊ ब्रश घ्या. ज्या फुलातला पुंकेसरांचा गोळा तपकिरी आणि भुसभुशीत झालाय, त्यातले पराग वाटीत झाडून घ्या. मग दुसऱ्या झाडावरचं असं फूल शोधा, ज्यात गोळा अजून घट्ट आहे आणि मधली टोकं हिरवी, चकचकीत आहेत. तिथे ब्रश हलकेच फिरवा. मात्र हात आवरा, कारण एका फुलातून फळांचा घोस येतो आणि फांद्या ठिसूळ असतात. काही जण माश्या याव्यात म्हणून झाडाला सडकं मांस बांधतात. शेजाऱ्यांशी बोलणं चालू ठेवायचं असेल तर ब्रशच बरा.

बाकी फार काही नाही. निचऱ्याची जमीन हवी. कोवळ्या रोपाला पहिली एक-दोन वर्षं सावली द्या, पुढे भरपूर ऊन, कारण सावलीत झाड जगतं पण फळ कमी देतं. हरणं पानांना सहसा तोंड लावत नाहीत, हे आपल्याकडच्या बागांना मोठंच सुख.

फळ दाबून मऊ लागलं की काढा. बाहेर दोन-तीन दिवसच टिकतं, म्हणून दुकानात जवळजवळ दिसतच नाही. गर शिजवू नका, बासुंदी पूर्ण गार झाल्यावर त्यात घाला. पहिल्यांदा थोडाच खा, काहींच्या पोटाला तो सोसत नाही. साल आणि बिया टाकायच्या; बी चावायची नाही.

बी लावायची असेल तर ती वाळू देऊ नका, वाळली की मेली. ओल्या शेवाळात गुंडाळून साडेतीन महिने फ्रीजमध्ये ठेवा आणि वसंतात खोल कुंडीत पेरा. ती आधी खाली सोटमूळ सोडते, कोंब वर दिसायला जुलै उजाडतो. तोवर कुंडी उकरून पाहू नका.