४५ दिवसांचं काय झालं?

नमस्कार मंडळी. विषय दिलाय 'लघुउद्योग आणि सामाजिक जबाबदारी', आणि मी फाउंड्रीतल्या, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यातल्या, जळक्या वाळूवर बोलतो असं कबूल केलंय. बोलणारच आहे. पण आधी अडकलेल्या बिलांची एक गोष्ट सांगून टाकतो, आपल्या कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, कुठंही भट्टी चालवणाऱ्याच्या मनात ती साचलेलीच आहे.

आमच्या एका मोठ्या कस्टमरकडनं, नाव घेत नाही, मेल आला. सस्टेनेबिलिटीची एक्सेल शीट. सोलर किती, पाणी किती, कार्बन किती, महिला कामगार किती, सगळं आठवड्यात भरून द्या नाहीतर व्हेंडर रेटिंग खाली येईल. प्रश्न चांगलेच आहेत, विचारायलाच पाहिजेत. पण त्याच कंपनीकडं आमची गणपतीआधीची बिलं संक्रांत आली तरी अडकलेली. अकाउंट्सला फोन केला की म्हणणार जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झालेलं नाही, स्टोअरला केला की माल क्वालिटीकडं आहे, क्वालिटीला केला की साहेब ऑडिटला गेलेत. (हशा) हसताय म्हणजे तुमचंपण अडकलंय!

आता इकडं बघा. भंगारवाल्याला रोख पाहिजे, विजेवरच्या इंडक्शन फर्नेसचं लाइट बिल महिन्याच्या महिन्याला, पगार सात तारखेला, आणि जीएसटी तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, कस्टमरनं पैसे दिलेले असोत नाहीतर नसोत. म्हणजे जो पैसा हातात आलेलाच नाही त्याच्यावरचा कर आपण सीसी अकाउंटचं, म्हणजे बँकेच्या कर्जखात्याचं, व्याज सोसून भरतो. मग काटछाट कुठं होते? डस्ट कलेक्टर पुढच्या वर्षी बघू, फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेला भाग घासून साफ करणाऱ्या, पोरांचे चांगले मास्क पुढच्या महिन्यात बघू. आणि सिलिकाची धूळ काय पेमेंटची वाट बघत नाही हो, ती रोज त्या पोरांच्या फुफ्फुसात जाते.

कायदा नाही असं नाही. एमएसएमईडी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा २००६ सालचा आहे, कलम १५ म्हणतं करारात काहीही लिहा, पेमेंटला ४५ दिवसांच्या वर जाता येणार नाही, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. तक्रारीला सरकारी ऑनलाइन पोर्टल आहे. पण तक्रार करणार कोण? पॅटर्न, म्हणजे ज्याच्यावरनं वाळूचा साचा करतात तो नमुना, कस्टमरच्या मालकीचं, तक्रार केली की दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात, पॅटर्न उचललं आणि शेजारच्या फाउंड्रीत. १ एप्रिल २०२४ पासून इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच) लागू झालं, कंपनीनं मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत खर्चाची वजावट नाही, पण ते सूक्ष्म आणि लघुपुरतंच, मध्यम उद्योगाला त्याचा उपयोग नाही.

आणि ही शीट येते कुठनं? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीचा, रिपोर्ट सक्तीचा केलाय, त्याची माहिती आपल्याकडनं गोळा होते. त्याच रिपोर्टमध्ये एक रकाना आहे, देणी भागवायला सरासरी किती दिवस लागतात. तो रकाना वाचा मंडळी, ऑर्डर घ्यायला जाताना प्रिंट काढून घेऊन जा! माझं ठाम मत आहे, मोठ्या कंपनीची लहान उद्योगाबद्दलची पहिली सामाजिक जबाबदारी ही की त्याचं बिल वेळेत द्यावं, झाडं नंतर लावा.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. वाळूचं भराभर सांगतो. ग्रीन सँड, म्हणजे साच्याची ओलसर वाळू, आपण फिरवून फिरवून वापरतो, पण प्रत्येक कास्टिंगमागं कोअरची, म्हणजे आतली पोकळी ठेवणाऱ्या गाभ्याची, रेझिननं चिकटवलेली वाळू त्यात मिसळते, सिस्टिम भरते, आणि जादाची बाहेर काढावीच लागते. ती रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठाला टाकली की पावसात सगळं पंचगंगेकडं. थर्मल रिक्लेमेशनमध्ये, म्हणजे वाळू तापवून परत वापरात आणताना, रेझिन जळून जातं आणि वाळू परत कोअरला चालते, पण हा प्लांट एकट्याला परवडत नाही, पाच-दहा जणांनी मिळूनच टाकायला पाहिजे. उरलेली पेव्हर ब्लॉकवाल्याला द्या, मात्र आधी टेस्ट करून, प्रदूषण मंडळाला विचारून, गुपचूप नको.

आणि शेवटचं, ४५ दिवस फक्त वरच्यांना लागू नाहीत. आपल्यातले बरेच जण मशिनिंगच्या जॉबवर्कवाल्याला, पॅटर्नमेकरला तीन-तीन महिने लटकवतात, एका लेथवर घर चालवणारा माणूस असतो तो. उद्या ऑफिसला गेल्यावर आधी त्यांची लेजर काढा आणि जी बिलं ४५ दिवसांच्या पुढं गेलीत ती याच आठवड्यात क्लिअर करा.