चार बोल्ट, दोन केबल : थारला घरी विंच बसवताना

[दृश्य : पार्किंगची फरशी, त्यावर पसरलेला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर उघडी विंच]

विंच म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारं, गाडीच्या पुढे बसणारं मोटरचं यंत्र. खोक्यातून काढलेली विंच थेट गाडीला लावायची नाही. आधी उघडायची.

ही 9500 पौंडांची विंच आहे. म्हणजे साधारण 4300 किलो. मोकळी थार पावणेदोन टनांच्या आसपास भरते. माणसं, सामान आणि अंगावरचा चिखल धरला की सव्वादोन ते अडीच टन. त्याच्या दीडपट ओढणारी विंच हवी, हा नेहमीचा हिशेब, आणि त्यात ही बसते. नामांकित परदेशी विंचच्या मानाने हिची किंमत कितीतरी कमी. मोटर आहे, तीन टप्प्यांचा प्लॅनेटरी गिअर (मधल्या चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं) आहे, ब्रेक आहे. काटकसर झालेली असते ती ग्रीसमध्ये आणि सीलमध्ये. ती घरी भरून काढता येते.

[दृश्य, अगदी जवळून : गिअरच्या दात्यांवरून फिरणारं बोट]

झाकणाखाली बघा. ग्रीसचा नुसता हात फिरवलाय, तोही एकाच बाजूला. बोट फिरवलं की खालचं लोखंड उघडं पडतं. जुनं पुसून घ्या आणि प्रत्येक गिअरला लिथियम ग्रीस नीट लावा, पण डबा भरल्यासारखं ठासू नका. दोर ज्यावर गुंडाळतो त्या ड्रमच्या आत ब्रेक आहे. तिथे ग्रीसचा थेंबही जाता कामा नये. झाकणाच्या आणि मोटरच्या जोडाला सिलिकॉन सीलंटची बारीक रेघ. कोकणातलं तांबडं पाणी नेमकं याच जोडांतून आत शिरतं. एका पावसाळ्यात बेअरिंग गंजतं आणि दोष मात्र ‘स्वस्त माल’ म्हणून विंचला लागतो.

[दृश्य : बंपर उतरवलेली थार, उघड्या चासीची दोन टोकं]

बॅटरीची निगेटिव्ह तार काढली आहे. गाडीत एअरबॅग आहेत, म्हणून त्यानंतर काही मिनिटं थांबूनच पुढच्या भागाला हात लावायचा. धडकेचे सेन्सर जिथे आहेत तिथेच राहू द्यायचे.

विंच ज्यावर टेकते ती प्लेट चासीला बोल्टने बसते. बंपरच्या पत्र्याला नाही, वेल्डिंग केलेल्या शोभेच्या नळीलाही नाही. ही 6 मिलिमीटरची प्लेट आहे. विंचच्या पायांची भोकं 254 बाय 114.3 मिलिमीटरवर, म्हणजे दहा इंच बाय साडेचार इंच. बहुतेक विंचना हेच माप लागतं. रंगवण्याआधी प्लेटवर स्टीलची पट्टी आडवी ठेवून सपाट आहे ना ते पाहा. वेल्डिंगच्या उष्णतेने प्लेट किंचित वाकलेली असते आणि डोळ्याला ते दिसत नाही.

[दृश्य : विंच प्लेटवर टेकते, चार बोल्ट, हाताने फिरणारा ड्रम]

आता ते चार बोल्ट. एम 10, म्हणजे 10 मिलिमीटर जाड; ग्रेड 8.8, म्हणजे मजबुतीचा दर्जा. नट विंचच्या पायातल्या खाचेत सरकतात, बोल्ट प्लेटच्या खालून येतात. सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बोल्टच्या लांबीत. बोल्ट लांब असला तर नटातून बाहेर पडून आतल्या ॲल्युमिनियमला टेकतो. पाना घट्ट लागल्यासारखा वाटतो, विंच मात्र ढिलीच राहते. आणखी जोर दिला की कवचाला चीर जाते. आखूड असला तर आटे पुरेसे धरत नाहीत. प्लेटची जाडी, वायसर आणि नट यांची बेरीज करून लांबी ठरवा. साधारण 30 ते 35 मिलिमीटर येते.

विंचचा क्लच (ड्रमला गिअरपासून सोडवणारा दांडा) मोकळा ठेवा. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा आवळा आणि दर वेळी ड्रम हाताने फिरवून बघा. आवळताना ड्रम जड झाला तर प्लेट सपाट नाही. कुठला पाय अधांतरी आहे ते शोधून त्याखाली पातळ वायसर घाला. ड्रम मोकळा फिरतोय? मग टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराने आवळणारा), साधारण 46 न्यूटन-मीटर. इथे घाई केली तर मोटर आयुष्यभर स्वतःच्याच ड्रमशी झगडत राहते.

क्लचचा दांडा बंपरमागे अडकत असेल तर गिअरबॉक्सचे बोल्ट काढून त्याला एक-दोन भोकं फिरवता येतं. आतले गिअर घसरू नयेत म्हणून विंच उभी ठेवून करा.

[दृश्य : चाकूने खरवडलेली केबल; आत तांबडा, मग पांढरा धातू]

हे दृश्य थांबवून बघा. दोन्ही केबल बाहेरून सारख्याच जाड. डावीकडची खरवडली, आत तांबं. उजवीकडची खरवडली, आत पांढरं. तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम.

पूर्ण ताणावर विंच 400 अँपिअरच्या आसपास करंट ओढते. 35 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये, जाऊन-येऊन चार मीटर अंतरात, एक व्होल्टही जात नाही. 16 चौरस मिलिमीटरची केबल लावली तर जवळपास दोन व्होल्ट केबलमध्येच जळतात. ताणाखाली बॅटरीचे व्होल्ट आधीच उतरलेले असतात. मग सोलेनॉइड (मोटरचा करंट चालू-बंद करणारा स्विच) टकटक करतो, मोटर तापते आणि माणूस विंच बदलायला निघतो, बदलायची असते ती केबल.

लग, म्हणजे केबलच्या टोकाचं धातूचं कडं, हातोडीने ठोकून बसवू नका. हायड्रॉलिक क्रिंपरने दाबा, वर हीटश्रिंक (तापवली की आकसणारी) नळी चढवा. निगेटिव्ह केबल बॅटरीपर्यंत स्वतंत्र न्यायची. रंगवलेल्या चासीच्या भरवशावर सोडायची नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर करंट मोजणारा सेन्सर असेल तर थेट पोलवर नाही, सेन्सरवरच्याच चासीकडच्या बाजूच्या बोल्टवर जोडा. पॉझिटिव्हवर, बॅटरीच्या जवळ, मेन स्विच. विंच वापरायची नसते तेव्हा तो बंद. केबल पत्र्यातून जाते तिथे भोकाच्या कडेला रबरी ग्रोमेट (कडं), बाकी लांबीवर प्लास्टिकची नळी. केबल घासून चासीला टेकली तर बॉनेटखाली आग लागते.

[दृश्य : सोलेनॉइडचा डबा बॉनेटखाली, मोटरचे टर्मिनल]

सोलेनॉइडचा डबा विंचवरून उचलून बॉनेटखाली, कोरड्या जागी घेतला आहे. मोटरवर एफ 1, एफ 2, ए अशी अक्षरं आहेत. ती डब्यावरच्या खुणांशी जुळवा. तारेच्या रंगावर जाऊ नका. एफ 1 आणि एफ 2 ची अदलाबदल झाली की ड्रम उलटा फिरतो. ते रिमोटची बटणं उलटी समजून चालवून घेऊ नका. रोप, म्हणजे ओढायचा दोर, ड्रमच्या खालून बाहेर पडला पाहिजे. तो वरून गुंडाळला गेला तर ब्रेक धरत नाही आणि चढावर थांबलेली गाडी मागे सरकायला लागते.

[दृश्य : हलका उतार, दूरवर झाड, ताणलेला रोप]

रोलर फेअरलीड, म्हणजे रोपला वाट देणारी रुळांची चौकट, एम 12 बोल्टवर बसला. हा रोप स्टीलचा, 8.3 मिलिमीटर जाड, सुमारे 28 मीटर. ड्रमवरचा बारका स्क्रू रोप फक्त जागेवर धरतो, भार पेलत नाही. भार पेलतात ते ड्रमवरचे वेढे. म्हणून स्टीलचे किमान पाच वेढे कायम ड्रमवर हवेत, सिंथेटिक रोपचे आठ-दहा.

झाडाला रुंद पट्टा बांधला आहे. रोप खोडाला गुंडाळला तर सालही जाते आणि रोपही मोडतो. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, आतल्या माणसाचा पाय ब्रेकवर हलकासा. अशा ताणात रोप पुन्हा गुंडाळायचा, वेढ्याला वेढा चिकटून. सैल गुंडाळलेला रोप पहिल्या खऱ्या ओढीत खालच्या थरांत रुततो आणि मग पहारीने उकरावा लागतो. हातात चामड्याचे मोजे, रोपवर जाड घोंगडी, आणि रोपच्या दोन्ही बाजूंना कोणी उभं नाही. तुटलेला रोप पाय तोडू शकतो.

9500 हा आकडा ड्रमवर रोपचा एकच थर असतानाचा आहे. दर थरामागे ओढ दहा-पंधरा टक्क्यांनी घटते. जोर कमी पडतोय असं वाटलं तर जास्त रोप बाहेर काढा. स्नॅच ब्लॉक (रोप दुहेरी करणारी कप्पी) लावला तर ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा. मिनिटभर ओढा, मग मोटरला हात लावून बघा. चटका बसला तर थांबा, इंजिन चालू ठेवा, बॅटरी भरू द्या. गोव्यात पावसाळ्यात भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत विंच दिवसभर चालते. त्या कामाची ही विंच नाही. ताम्हिणी-मुळशीकडच्या चिखलात रुतलेल्या एका गाडीसाठी ती पुरते.

[दृश्य : बंपर परत चढतो, नंबर प्लेट]

2017 च्या डिसेंबरमध्ये केंद्राने क्रॅश गार्ड आणि बुल बारवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी नळ्यांवर) कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, तेव्हा प्लेट बंपरच्या आतच बसेल अशी घ्या, आरटीओत विचारून घ्या, नंबर प्लेट झाकू नका.

पुढच्या स्प्रिंगवर चाळीसेक किलो वाढले आहेत. हेडलाइटचा झोत पुन्हा जुळवा. पहिल्या ओढीनंतर चारही बोल्टवर टॉर्क पाना पुन्हा लावा. प्लेट बसते, रंग दबतो, आणि बोल्ट थोडे सैल झालेले सापडतात.